चंदेरी-माहेश्वरीचं फॅशन शूट: आधी लाइट कापडाला, मग चेहऱ्याला

इंदूरच्या सीतलामाता बाजारात किंवा एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये दुकानदारानं गादीवर उलगडलेली साडी कशी झळकते! फोटोत मात्र तीच मेणकापडासारखी सपाट येते. कॅमेरा बदलून यात काही फरक पडत नाही. लाइट समोरून, चेहरा बघून लावलेला असतो. चेहरा उजळतो, पण विणीच्या बारीक सावल्या पुसल्या जातात आणि पोत सावलीशिवाय दिसत नाही. म्हणून पहिला लाइट कापडासाठी लावायचा. चेहरा थर्मोकोलच्या पाटीनंही सांभाळता येतो.

सामान फार नको. दोन फ्लॅश, त्यांचा ट्रिगर, ९० बाय १२० सेंटिमीटरचा एक सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी, पांढऱ्या कापडाची पेटी), दोन मजबूत स्टँड, थर्मोकोलच्या दोन पाट्या (एकीला काळा कागद चिकटवलेला) आणि साधारण १२ बाय २० फुटांची खोली. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीच्या लेन्समध्ये उभी पूर्ण आकृती ३ मीटरवरून मावते. ८५ मिमीनं तोच फोटो घ्यायला जवळजवळ ५ मीटर मागं जावं लागतं, म्हणून खोली आधी मोजा. कॅमेरा मॉडेलच्या कमरेच्या उंचीवर ठेवा. डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेल्या फोटोत पाय आखूड आणि निऱ्या दबलेल्या दिसतात.

टॉर्चची परीक्षा

फ्लॅश लावण्याआधी साडी दारावर टांगा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च साडीभोवती समोरून बाजूला हळूहळू फिरवा. टॉर्च डोळ्यांजवळ असताना जरीची तार चमकते, पण बाकी कापड सपाट दिसतं. तो ६०-७० अंश बाजूला गेला की धागे उठतात आणि माहेश्वरीच्या बारीक चौकड्या वेगळ्या दिसू लागतात. जरीची तार म्हणजे लहान लहान आरसेच. प्रकाश ज्या कोनातून येईल, तेवढ्याच कोनात तो पलीकडे परततो. बुट्टी शोभेपुरती चमकते आणि पोतही टिकतो असा एक कोन प्रत्येक साडीला असतो. तो सापडला की जमिनीवर टेपची खूण करा, स्टँड तिथेच येणार आहे. यात पाच मिनिटं जातात, पण पुढचा तासभर वाचतो.

साडीची तयारी

साडी वाफेच्या इस्त्रीनं सरळ करा, कारण बाजूचा लाइट पोताबरोबर घडीची प्रत्येक रेघही उठवतो. निऱ्या सहा-सात, सारख्या रुंदीच्या, आतून पिन लावलेल्या. खाली काठ एका रेषेत आले पाहिजेत. चंदेरी पारदर्शक असते, म्हणून परकर साडीच्याच रंगाचा आणि पायघोळ हवा. आखूड परकराची कड मागून लाइट लावल्यावर गुडघ्याखाली आडव्या पट्ट्यासारखी दिसते आणि ती एडिटिंगमध्ये काढणं म्हणजे शिक्षाच. माहेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो. तेव्हा पदर उलटून एखादी फ्रेम जरूर घ्या.

पहिला लाइट आणि अंतराचा हिशेब

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/१६० सेकंद, एफ (लेन्सचं छिद्र) ८ पासून सुरुवात करा. फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम घ्या. ती पूर्ण काळी आली पाहिजे. काही दिसत असेल तर खोलीतल्या ट्यूबलाइटचा प्रकाश मिसळतो आहे आणि रंग बिघडणार आहे. फ्लॅश लागल्यावर फ्रेमच्या एका कडेला काळा पट्टा आला, तर शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या कमाल शटर वेगाच्या) वर गेलं आहे. ते खाली आणा.

आता सॉफ्टबॉक्स टेपच्या खुणेवर ठेवा. इथे हमखास चूक होते ती अंतराची. सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या उंचीवर, १ मीटरवर असेल तर दीड मीटर खाली असलेले पाय त्याच्यापासून १.८ मीटरवर जातात. प्रकाश अंतराच्या वर्गानं कमी होतो, म्हणजे पायाशी चेहऱ्याच्या जेमतेम ३० टक्के उजेड पोचतो. चेहरा फटफटीत आणि खालचा काठ, ज्यासाठी गिऱ्हाइकानं पैसे दिले, तो अंधारात! स्टँड २.५ मीटरवर न्या. पायाशी आता ७० टक्क्यांहून जास्त प्रकाश मिळेल. किंमत एवढीच की फ्लॅशला सव्वासहा पट ताकद लागते, म्हणजे अडीच स्टॉपपेक्षा जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). लहान फ्लॅशला ते झेपलं नाही तर आयएसओ ४०० करा. अंतर कमी करण्यापेक्षा ते बरं. मॉडेलला खोलीच्या मधोमध उभं करू नका. दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडे सरकवा, म्हणजे हे अंतर मिळतं.

जरीची तार जळून पांढरी झाली तर बहुतेक जण फ्लॅशची ताकद कमी करतात. त्यानं सगळी साडीच काळवंडते. ताकद राहू द्या, सॉफ्टबॉक्स दहा-पंधरा अंश फिरवा, म्हणजे प्रकाशाचा मधला झोत मॉडेलच्या किंचित पुढून जाईल आणि कापडावर फक्त कडेचा मऊ भाग पडेल. कॅमेऱ्यात हायलाइटची सूचना (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवून दाखवणारी) चालू ठेवा. एखाददुसऱ्या बुट्टीवर लुकलुकलं तर चालेल, आख्ख्या काठावर नको.

आता चेहरा

बाजूच्या लाइटनं अर्धा चेहरा सावलीत गेलेला असेल. मॉडेलला नाक थोडं सॉफ्टबॉक्सकडे वळवायला सांगा, खांदे तसेच राहू द्या. सावलीच्या बाजूच्या गालावर प्रकाशाचा छोटा त्रिकोण उमटला की पुरे. मग पांढरी पाटी दुसऱ्या बाजूनं, छातीच्या उंचीवर, १ मीटरवरून जवळ आणत जा. डोळ्याखालचा काळेपणा निघाला की थांबा. आणखी पुढे आणली तर पदराच्या चुण्यांची सावलीही भरून निघते आणि पुन्हा तेच मेणकापड. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत तर पाटी न लावताच सावल्या भरतात. तिथे काळी पाटी लावून उलट प्रकाश खायला लावावा लागतो.

चंदेरीचा पदर मागून

चंदेरीचं खरं सौंदर्य तिच्यातून आरपार येणाऱ्या उजेडात आहे. दुसरा फ्लॅश, सॉफ्टबॉक्सशिवाय, मॉडेलच्या मागे दीड मीटरवर ठेवा. स्टँड तिच्या अंगाआड लपला पाहिजे. पदर दोन्ही हातांत पसरून धरलेला, त्याचा एकच थर हवा, दुहेरी झाला की बुट्ट्या एकमेकींवर चढतात आणि नक्षीचा गोंधळ होतो. ताकद पुढच्या लाइटइतकी ठेवून सुरुवात करा, मग एक स्टॉप वाढवून बघा. फोटो धुरकट दिसला तर मागचा फ्लॅश थेट लेन्समध्ये शिरतो आहे. लेन्स आणि फ्लॅश यांच्यामध्ये काळी पाटी आडवी धरा.

उडत्या पदराची रेघ

हे बघायला कठीण वाटतं, पण एकदा सेटिंग बसलं की मजा येते. खोलीत अंधार करा. बाजूनं एक एलईडी लाइट सतत चालू ठेवा, रंग फ्लॅशसारखा, ५५०० केल्विनच्या आसपास. शटर १/४ सेकंद, एफ ११, आयएसओ १००, कॅमेरा ट्रायपॉडवर. फ्लॅश रिअर कर्टनवर टाका, म्हणजे तो शटर बंद होताना पडेल. मॉडेल पदर फिरवते, एलईडीच्या उजेडात त्याची रेघ ओढली जाते आणि शेवटी फ्लॅश पदर गोठवतो. त्यामुळे रेघ पदराच्या मागे राहते. फ्लॅश सुरुवातीला पडला तर रेघ पुढे येते आणि पदर उलटा जातोय असं वाटतं. चेहरा स्थिर ठेवायला सांगा, फिरू दे फक्त हात. रेघ फार फिकट आली तर एलईडी जवळ आणा, फ्लॅशला हात लावू नका. पंधरा-वीस फ्रेममध्ये एखादीच जुळते, तेवढा वेळ हाताशी असू द्या.

बाहेर जायचं असेल तर

महेश्वर इंदूरहून साधारण ९० किलोमीटर आणि घाट नर्मदेच्या उत्तर काठावर, म्हणजे तोंड दक्षिणेकडे. थंडीत सूर्य दिवसभर नदीच्या बाजूनं येतो. मॉडेल घाटामागच्या किल्ल्याकडे पाठ करून उभी राहिली तर प्रकाश पुढून, नदीकडे पाठ केली तर मागून, आणि तोच चंदेरीला शोभतो. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त ४४ अंश वर असतो, त्यामुळे दिवसभर काम होतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. तेव्हा सकाळी नऊपर्यंत आवरा, नाहीतर ओवरीच्या सावलीत शिरा. इंदूरचा राजवाडा, तिथलीच कृष्णपुरा छत्री किंवा महेश्वरचा घाट, कुठेही स्टँड लावण्यापूर्वी परवानगी घेऊन ठेवा.

रंग जुळवताना

माहेश्वरीच्या बारीक चौकड्यांवर कधीकधी इंद्रधनुषी लाटा दिसतात. त्या विणीच्या आणि सेन्सरच्या जाळीच्या भांडणातून येतात. अर्धा मीटर पुढे-मागे सरका किंवा मॉडेलला थोडं तिरपं करा, लाटा जातात. प्रत्येक वेळी लाइट बदलला की पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरायचं राखाडी कार्ड) धरा. आणि एडिटिंगला बसताना साडीची घडी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, स्क्रीनशेजारी ठेवा. रात्री पिवळ्या बल्बखाली जुळवलेला रंग दुकानदार सकाळी परत पाठवतो.