इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर नॅरोबोटची केबिन गरम करणे

इंग्लंडच्या कालव्यांवर फिरणाऱ्या नॅरोबोटचे, म्हणजे अरुंद, लांबट बोटीचे, इंजिन ताशी साधारण दीड लिटर डिझेल जाळते. त्यातल्या ऊर्जेचा जेमतेम एक-तृतीयांश भाग बोट पुढे नेण्याच्या कामी येतो आणि उरलेली उष्णता धुराबरोबर व कूलंटमधून (इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणाऱ्या पाण्यातून) निघून जाते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॉट-तास ऊर्जा असल्याने नुसत्या कूलंटमधूनच चार-पाच किलोवॉट उष्णता कालव्याच्या पाण्यात जाते, आणि आत बसलेली माणसे मात्र कुडकुडत असतात. ही उष्णता आत आणायला गाडीत असतो तसाच, लहान रेडिएटर आणि १२ व्होल्टचा पंखा असलेला हीटर पुरतो.

इंजिनात बंदिस्त कूलंट फिरत असेल तरच हे काम हाती घ्यावे. ज्या इंजिनात बाहेरचे पाणी थेट खेळवले जाते, तिथे ते करू नये. गरम पाण्याची जोडणी थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) अलीकडून, म्हणजे सिलिंडर हेडच्या बाजूने घ्यावी आणि परतीचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडावा, म्हणजे थर्मोस्टॅट बंद असतानाही हीटरमधून पाणी फिरत राहते. अंघोळीच्या पाण्याची टाकी याच पाण्यावर तापत असेल, तर दोन्ही एकापुढे एक जोडावीत असे माझे मत आहे, कारण समांतर जोडल्यास पाणी सोपी वाट धरते आणि दुसरे थंडच राहते.

बहुतेकांची फसगत होते ती उंचीत. हीटर कूलंट भरण्याच्या झाकणापेक्षा खाली असावा आणि होजला मध्येच उंचवटा नसावा, नाहीतर तिथे हवा अडकते. तसे जमत नसेल, तर हीटरहून उंच जागी वेगळी हेडर टाकी, म्हणजे कूलंट भरण्याची लहान टाकी, बसवावी. निम्मे पाणी व निम्मे अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारा द्रव) असे मिश्रण इंजिन थंड असताना, हीटरचा कॉक पूर्ण उघडून सावकाश भरावे. इंजिन तापल्यावर दोन्ही होजना हात लावून पाहावा: येणारा चटका देतो, परतीचा गार लागतो आणि आत गुडगुड आवाज येतो, तर लाइनमध्ये हवा अडकली आहे असे समजावे. अशा वेळी इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे, हीटरच्या वरच्या टोकाची क्लिप सैल करून हवा जाऊ द्यावी आणि मगच पातळी भरून काढावी. गरम असताना झाकण कधीही उघडू नये. सांडलेले अँटिफ्रीझ लगेच पुसावे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, पण चवीला गोड, त्यामुळे बोटीवरचा कुत्रा ते चाटतो.

पंख्याची हवा केबिनमधूनच घ्यावी, इंजिनखोलीतून कदापि नाही, आणि होज जिथून भिंतीपार जातो तिथली भोके घट्ट बुजवावीत. सायलेन्सर किंवा धुराचा पाइप केबिनमधून नेऊन उष्णता घेण्याचा मोह टाळावा, कारण बारीकशा चिरेतूनही कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म बोटीवर हवाच.

ही सोय प्रवासापुरतीच आहे. इतर बोटींजवळ नांगरलेले असताना रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवू नये असा तिथल्या कालव्यांवर नियम आहे, तेव्हा केबिनमधली शेगडी काढून टाकू नये. पहिल्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, सर्व क्लिपा पुन्हा आवळून कूलंटची पातळी पाहावी. ती हमखास थोडी उतरलेली असते.