डान्सहॉल अल्बमचे परीक्षण कसे लिहावे : ‘डटी रॉक’च्या आधारे

नागपुरातील महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत संगीतावर लिहू पाहणाऱ्यांनी डान्सहॉल या जमैकातील नाचाच्या संगीताचा अल्बम निवडला, तर चित्रपटगीतांची नेहमीची मोजपट्टी आधी बाजूला ठेवावी. या संगीताचा पाया म्हणजे रिडिम, अर्थात ड्रम आणि बेसचा तयार सांगाडा. तो एक निर्माता बांधतो आणि अनेक गायक त्याच्यावर आपापली गाणी रचतात. खंजिरी भजनाच्या मंडळांत एकाच चालीवर निरनिराळी भजने ऐकलेल्या वैदर्भीय श्रोत्याला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

जमैकातील किंग्स्टनचे गायक शॉन पॉल यांचा ‘डटी रॉक’ हा अल्बम नोव्हेंबर २००२ मध्ये आला. त्यातले ‘गेट बिझी’ स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन यांच्या ‘दिवाली’ नावाच्या रिडिमवर उभे आहे आणि टाळ्यांचा अडखळता ठेका ही त्याची ओळख आहे. वेन वंडर यांचे ‘नो लेटिंग गो’ आणि ल्युमिडी यांचे ‘नेव्हर लीव्ह यू’ याच रिडिमवर आहेत. ही तिन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत, तीही चांगल्या इअरफोनवर, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून बेस जवळजवळ नाहीसा होतो. वंडर यांचा सुरेल गळा आणि शॉन पॉल यांची शब्दांनाच तालवाद्य करणारी फेक यांतला फरक कानांना जाणवला, की मगच गायकाविषयी लिहायला घ्यावे. परीक्षणाचा सर्वांत मोठा भागही याच फरकाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

साशा यांच्यासह गायलेल्या ‘आय एम स्टिल इन लव्ह विथ यू’चे मूळ आल्टन एलिस यांच्या १९६० च्या दशकातील रॉकस्टेडी (रेगे या जमैकन संगीतप्रकाराच्या आधीची शैली) गीतात आहे. जमैकात जुने रिडिम नव्याने वापरणे ही रूढ परंपरा असल्याने त्याला उसनवारी म्हणू नये, मात्र एलिस यांचे नाव आवर्जून द्यावे.

शब्दांविषयी थोडक्यात पण स्पष्ट लिहावे. नाच, स्त्रियांचे आकर्षण आणि ‘गिमी द लाइट’मधला गांजा, एवढ्यातच हा अल्बम बराचसा फिरतो, ही मर्यादा ठेक्याच्या कौतुकात झाकून टाकू नये.

स्वागताची नोंद करताना खप, पुरस्कार आणि आपले मत यांची सरमिसळ टाळावी. ‘गेट बिझी’ मे २००३ मध्ये अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या स्थानी पोहोचले आणि २००४ मध्ये अल्बमला सर्वोत्तम रेगे अल्बमचे ग्रॅमी मिळाले. हे यश खरे आहे, पण ते अमेरिकेतले आहे, आणि त्यामागे व्हीपी या रेगेच्या जुन्या ध्वनिमुद्रण कंपनीला मिळालेली अटलांटिक या मोठ्या अमेरिकी कंपनीची साथही आहे. शिवाय, बियॉन्से यांच्यासोबतचे ‘बेबी बॉय’ मूळ अल्बममध्ये नव्हते, ते पुढच्या आवृत्तीत जोडले गेले. त्यामुळे आपण कोणती आवृत्ती ऐकली, हे परीक्षणाच्या आरंभीच नमूद करावे.