निळ्या दिव्यावर पट्टी मारताय? या चुका टाळा

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. राउटर, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, स्पीकर, मच्छर मारायची बॅट, मोटारीचं पॅनल, सगळं येतं. त्यातल्या निम्म्या वस्तूंवर आता कुठे ना कुठे काळी पट्टी चिकटवलेली असते. पट्टी काढली की खाली निळा दिवा.

निळ्या दिव्याने झोप मोडते ही तक्रार खरी आहे, हे आधीच सांगतो. शहरात खिडकीतून रस्त्याचा उजेड येतो, त्यात असा दिवा बुडून जातो. आपल्याकडे रात्री लाईन गेली की गाव पुरतं काळं होतं आणि खोलीत इन्व्हर्टरचा एकच निळा ठिपका उरतो. त्या एका ठिपक्याने छताचे फाटे मोजता येतात. अंधारात आपला डोळा ज्या पेशींनी पाहतो, त्या ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या, निळसर-हिरव्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतात. निळा एलईडी ४७० च्या जवळ, म्हणजे अगदी शेजारी. लाल दिवा ६३० च्या आसपास, तो त्या पेशींना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून दिवसा सारखे वाटणारे दोन दिवे रात्री सारखे राहत नाहीत. त्यात निळा प्रकाश डोळ्याच्या आत पडद्याच्या जरा अलीकडेच एकवटतो, म्हणून तो ठिपका फुटल्यासारखा, धुरकट दिसतो. शरीराचं झोपेचं घड्याळही नेमकं याच निळ्या पट्ट्यातल्या प्रकाशावर चालतं. तेव्हा ‘झोप येत नाही’ म्हणणाऱ्याला वेड्यात काढू नका.

लाल एलईडी १९६२ पासून आहे. चांगला उजळ निळा १९९३ मध्ये जपानात नाकामुरांनी केला. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा आला म्हणून पांढरे एलईडी बल्ब आले, त्याचे उपकार आहेतच. पण जिथे वाटाण्याएवढा मंद लाल पुरत होता, तिथेही निळा बसवला गेला आणि करंट तेवढाच ठेवला. त्रासाचं मूळ इथे आहे.

आता चुका. पहिली सगळ्यात महाग पडलेली.

पॅनलवरचा निळा दिवा झाकणं

शेतातल्या थ्री फेजच्या पॅनलवर तीन दिवे असतात, लाल, पिवळा, निळा. आर, वाय, बी. तिथला निळा दिवा शोभेचा नाही, तो तिसरा फेज, म्हणजे तिसरी वीजतार, चालू असल्याची खूण आहे.

दोन हिवाळ्यांमागची गोष्ट. एक ओळखीचे काका हरभऱ्याला पाणी द्यायला आणि रानडुकरांच्या जागलीला शेतातल्या खोलीत झोपत. बाज पॅनलच्या समोर. नवे एलईडी लॅम्प बसवलेले, त्यातला निळा सरळ डोळ्यांत यायचा. पोट्ट्याने त्यावर काळी टेप मारून दिली, दोन वेढे. लाईन रात्रीची होती. मध्यरात्री लाईन येते, काका उठतात, लाल-पिवळा दिसतो, हिरवं बटण दाबतात आणि परत झोपतात. असं पंधरा दिवस नीट चाललं.

सोळाव्या दिवशी डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, एक फ्यूज उडालेला होता, बी फेजचा. लाईन आली ती दोनच फेजवर. काकांना रोजच्यासारखे दोन दिवे दिसले, त्यांनी बटण दाबलं. दोन फेजवर मोटार फिरत नाही, जागच्या जागी गुणगुणते आणि करंट अनेकपट ओढते. वरची मोनोब्लॉक असती तर आवाज आला असता. ही पाणबुडी, विहिरीत, पाण्याखाली. खोलीत कसलाच आवाज नाही. एक फेज गेला की मोटार बंद पाडणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर होता, पण कमी व्होल्टेजला सारखा पाडतो म्हणून तो डायरेक्ट करून, म्हणजे वगळून, ठेवलेला. जास्त करंटला मोटार बंद करणाऱ्या ओव्हरलोडची चकतीही शेवटच्या आकड्यावर.

सकाळी फोन आला. “भाऊ, मोटर बसली वाट्टे. पाणीच नाही फेकून राह्यली.”

गेलो. टेप सोलली, खाली दिवा विझलेला. काका त्या दिव्याकडे पाहत राहिले, बोलले काहीच नाही. वाइंडिंग काळं झालं होतं. मोटार वर काढणं, रिवाइंडिंग, परत सोडणं यात नऊ दिवस गेले आणि हरभरा फुलावर होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोटार चालू असताना एक फेज गेला तर मोटार पुष्कळदा तशीच फिरत राहते आणि गेलेल्या फेजवर स्वतःच थोडं व्होल्टेज परत टाकते. तेव्हा तो दिवा विझत नाही, फक्त मंदावतो. म्हणजे दिवा लागतो की नाही एवढं पाहणं पुरत नाही, तिन्ही सारखे लागतात का ते पाहावं लागतं. टेपखालून ते कुठून दिसणार?

मी काय करतो ते सांगतो. लॅम्पवर घट्ट बसेल एवढ्या मापाचा काळ्या पाइपचा चार बोटं तुकडा कापतो आणि तिन्ही दिव्यांवर नळकांड्यासारखा बसवतो. समोर उभं राहिलं की दिवे दिसतात, बाजूने नाही. मग बाज बाजूला सरकवायची. काकांच्या पॅनलवर आता तेच आहे, आणि प्रिव्हेंटर मी माझ्या हाताने परत जोडला. तो डायरेक्ट करून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पाच मिनिटांचं काम करून दोनशे रुपये घेतात आणि शेतकऱ्याचा हंगाम पणाला लावतात.

घरातल्या राउटर-बॉक्सला हीच युक्ती लहान मापात चालते. ठिबकच्या १६ एमएमच्या काळ्या नळीचा बोटभर तुकडा एलईडीभोवती चिकटवा. तुकडे प्रत्येक गोठ्यात पडलेले असतात.

रिमोटच्या डोळ्यावर टेप

सेट-टॉप बॉक्सवर निळ्या दिव्याच्या शेजारीच काळसर काचेमागे रिमोटचा सिग्नल घेणारा सेन्सर असतो. टेपचा तुकडा फाडताना तो हमखास मोठा फाटतो. मग रिमोट चालत नाही. लोक सेल बदलतात, रिमोट आपटतात, नवा रिमोट आणतात, शेवटी बॉक्स घेऊन दुकानात. मी टेप काढतो, बॉक्स परत देतो, पैसे घेत नाही. रिमोट ठीक आहे का ते घरीच पाहता येतं. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा रिमोटच्या टोकाकडे धरा आणि बटण दाबा, पडद्यावर जांभळट चमक दिसली तर रिमोट जिवंत आहे.

मी स्वतः टेप वापरतच नाही. आपल्या मे महिन्यात, ४५ अंशांत, टेपचा गोंद वितळून खाली ओघळतो आणि दिवा परत उघडा पडतो. घरी मी टिकली लावतो. मखमली, मरून रंगाची, दिव्याहून जरा मोठी. लावायच्या आधी सुईने मधोमध एक भोक. तेवढ्यातून ताऱ्याएवढा ठिपका दिसतो, वस्तू चालू आहे हे कळतं आणि छत काळं राहतं. उन्हाळ्यात टिकलीचाही गोंद सैल होतो, तेव्हा महिन्याला नवी लावायची. एका पाकिटात वर्ष निघतं.

रेझिस्टर वरून चिकटवणं

हे शिकाऊ पोरांसाठी. ५ व्होल्टच्या छोट्या स्पीकरमध्ये निळ्या एलईडीला करंट रोखणारा २२० ओहमचा रेझिस्टर असतो समजा. एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात, उरलेले २ भागिले २२०, म्हणजे ९ मिलिअँपिअर. रात्रीसाठी हे फारच झालं. तिथे १० के, म्हणजे १० हजार ओहमचा, घातला तर ०.२ मिलिअँपिअर, आणि तेवढ्यावरही निळा स्पष्ट दिसतो.

माझ्याकडच्या एका पोराला हे गणित सांगितलं. त्याला जुना रेझिस्टर काढायचा कंटाळा. त्याने १० के त्याच्याच डोक्यावर डाग दिला, म्हणजे पॅरलल. काही फरक पडला नाही. पडणारच नव्हता, २२० चे २१५ झाले. मग ‘याने होत नाही’ म्हणून त्याने १०० ओहमचा आणखी एक चढवला. आता झाले ६८ ओहमच्या आत-बाहेर, करंट २९ मिलिअँपिअर. असा एलईडी बहुधा २० साठी असतो. दिवा टॉर्चसारखा पेटला आणि चार दिवसांत गेला. रेझिस्टर वाढवायचा तर जुना काढावाच लागतो, नाहीतर ट्रॅक कापून रांगेत जोडावा लागतो. यात आखूड वाट नाही. ज्याला दोन मिनिटं सोल्डरिंगची इस्त्री तापायची वाट पाहवत नाही, त्याने बोर्डाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे फक्त ५ किंवा १२ व्होल्टच्या वस्तूंत. एक्स्टेन्शन बोर्ड आणि मच्छरच्या बॅटमधला दिवा थेट २३० च्या लाईनवर असू शकतो. अडॅप्टरच्या आतला मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला राहू शकतो. तिथे टिकली लावा आणि उघडू नका.

बाकीच्या

इन्व्हर्टरवर टॉवेल टाकू नका. त्याची जाळी श्वास घ्यायला आहे, आणि ओव्हरलोडचा लाल दिवाही त्याच टॉवेलखाली जातो.

टोच्याने एलईडी फोडू नका.

व्हाइटनर लावू नका, त्याने उजेड आणखी पसरतो. नेलपॉलिश चालतं, पण ते काढायला रिमूव्हर लावलं तर डब्याचं प्लॅस्टिक विरघळू शकतं.

काही करण्याआधी सेटिंग उघडून पाहा. बऱ्याच टीव्हींत आणि राउटरांत दिवा बंद किंवा मंद करण्याची सोय असते. हे मी शेवटी सांगतोय, पण गिऱ्हाइकाच्या घरी गेलो की पहिलं हेच पाहतो.

आणि राउटरवर टिकली लावून उशाशी निळा झिरो बल्ब लावू नका. जुना निळा झिरो काचेवर रंग दिलेला तारेचा बल्ब होता. तो १५ वॅटच्या आसपास खायचा, पण निळा उजेड त्यातून नावालाच यायचा. आता त्याच नावाने मिळतो तो निळा एलईडी, नुसता निळा. दुकानात लाल नाहीतर पिवळा मागा. घरात म्हातारं माणूस रात्री उठत असेल तर लालच घ्या आणि डोळ्याच्या खाली, पायाजवळच्या बोर्डात लावा.