काका, वायफाय लागूनच नाई राह्यलं

यवतमाळ जिल्ह्यात, एका गावाबाहेर कपाशीच्या वावरांमध्ये आमचं कॉलेज आहे आणि मी तिथल्या ग्रंथालयात काम करतो. जुलैत नवे पोट्टे-पोट्ट्या आले की पुस्तक मागायच्या आधी फोन पुढं करतात. घाटंजी, आर्णी, केळापूरकडची लेकरं. वायफायचं काम माझं नाही, पण काउंटर रस्त्यात पडतो. रोज तेच ते सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

फोनवर आपल्याकडची दोन नावं दिसतील. एक पाहुण्यांचं, उघडं. ते सोडा. दुसऱ्यापुढं कुलूप आहे, ते आपलं. घरच्या वायफायला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असतो, तसं इथं नाही. ज्याचा त्याचा युजर आयडी अन् ज्याचा त्याचा पासवर्ड. तो खरा की खोटा हे विद्यापीठाचा रेडियस सर्व्हर, म्हणजे लॉगिन तपासणारा कॉम्प्युटर, तपासतो. त्यामुळं 'पासवर्ड सांग ना बे' म्हणणाऱ्या मित्राला आपला देऊ नका. तो जे काही उघडेल ते तुमच्या नावावर चढेल.

आधी मोबाइल डेटावर विद्यापीठाचं वायफायचं पान उघडा आणि तीन गोष्टी कागदावर उतरवा: तुमचा पूर्ण आयडी (पुढं ॲट अन् विद्यापीठाचं नाव लागत असेल तर तेही), सर्व्हरचं डोमेन (म्हणजे त्याचं इंटरनेटवरचं नाव), आणि सर्टिफिकेट (म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र) फोनमध्ये वेगळं डाउनलोड करून घ्यायचं आहे का ते. रेंज नसेल तर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर उभं राहा, तिथं येते.

आता अँड्रॉइड. नेटवर्कच्या नावावर बोट ठेवलं की लांबलचक फॉर्म उघडतो आणि अर्धे लोक इथंच घाबरतात. ईएपी मेथडमध्ये पीईएपी, फेज २ मध्ये एमएसचॅपव्ही२. सीए सर्टिफिकेटमध्ये 'यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स', किंवा वेगळं डाउनलोड केलं असेल तर ते. डोमेनमध्ये कागदावरचं डोमेन, जसंच्या तसं. आयडेंटिटी म्हणजे तुमचा आयडी. अनॉनिमस आयडेंटिटी पानावर सांगितली नसेल तर रिकामी ठेवा. खाली पासवर्ड, अन् कनेक्ट. हे आपल्याकडचं झालं. दुसऱ्या विद्यापीठात टीटीएलएस किंवा आणखी काही असू शकतं, तेव्हा त्यांच्याच पानावरचं भरायचं.

सर्टिफिकेट अन् डोमेनच्या रकान्यांवर थोडं थांबतो, कारण तिथं मी स्वतः चुकलोय. दोन वर्षं मी प्रत्येकाला सांगायचो, 'सर्टिफिकेटमध्ये डू नॉट व्हॅलिडेट टाक, लगेच लागते.' लागायचंही. मग अँड्रॉइड ११ चे फोन आले आणि बहुतेकांत तो पर्यायच दिसेना. मी कंपनीला शिव्या घातल्या. कॉम्प्युटरवाल्या मॅडमनी मला बसवून समजावलं.

खेडा खरेदीची गाडी दारात येते ना, तसं समजा. गाडीवर कोणीही कोणाचंही नाव रंगवू शकतं. कापूस भरून देण्याआधी शहाणा माणूस परवाना पाहतो, काटा पाहतो. वायफायचं नावही तसंच, कोणीही आपल्या यंत्राला विद्यापीठाचं नाव देऊन हॉस्टेलच्या भिंतीआड बसू शकतो. सर्टिफिकेट हा परवाना, अन् डोमेन म्हणजे त्यावर कोणाचं नाव असायला पाहिजे ते. दोन्ही तपासले नाहीत तर तुमचा फोन त्या भामट्यासमोर लॉगिन करायला जातो, अन् त्यातून पासवर्ड शोधून काढता येतो. मी दोन वर्षं पोरांना काटा न पाहता कापूस भरायला शिकवत होतो! अँड्रॉइड १३ पासून काही फोन पहिल्या वेळी सर्टिफिकेट दाखवून 'विश्वास ठेवू का' विचारतात. तिथंही नाव वाचूनच हो म्हणा.

आयफोनवाल्यांचं काम सोपं आहे. आयडी, पासवर्ड, मग सर्टिफिकेट दिसतं. नाव कागदाशी जुळलं तर ट्रस्ट. विंडोजवरही तसंच, पुढं जायच्या आधी सर्टिफिकेटचा तपशील उघडून पाहता येतो.

सगळं बरोबर भरूनही लागत नसेल तर पासवर्डच्या रकान्यातला डोळा दाबा. दर दहातल्या सहा-सात पोरांचा घोळ मला तिथंच सापडतो. कीबोर्ड मराठी राहिलेला असतो अन् 123 ऐवजी १२३ पडलेलं असतं. ठिपक्यांआड ते कसं दिसणार? नाहीतर कीबोर्डनं सुचवलेला आयडी घेतला की शेवटी एक जागा सुटते, किंवा पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं.

लॅपटॉप असेल तर तारीख पाहा. गेल्या वर्षी एका पोट्ट्यानं मामेभावाचा जुना लॅपटॉप आणला. बॅटरी मेलेली, चार्जर लावला तरच चालणारा. लाइन गेली की बंद, अन् आपल्याकडं लाइन किती वेळा जाते ते काय सांगू राजेहो. दर वेळी लाइन आली की वायफाय लागेना. 'काहून असं होते काका?' मी आयडी तपासला, डोमेन तपासलं, तासभर गेला. मग कोपऱ्यात तारीख दिसली, कितीतरी वर्षं मागची. सर्टिफिकेटला कधीपासून कधीपर्यंत अशी मुदत असते. लॅपटॉपच्या हिशेबानं ते अजून सुरूच झालेलं नव्हतं. आतला नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला होता. डेस्कटॉपमध्ये बहुतेक सीआर २०३२ असतो, नुसता बदलायचा. बऱ्याच लॅपटॉपांत तो वायरीसकट येतो, तेव्हा जुना काढून सोबत घेऊन जा. तोवर दर वेळी हातानं तारीख लावायची.

स्मार्ट टीव्ही, प्रिंटर यांना बहुधा हा फॉर्म भरताच येत नाही. त्यांचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) संगणक विभागात देऊन वेगळी परवानगी घ्या. लाइन आल्यावर पाच मिनिटं दम धरा. मधली यंत्रंही नुकतीच उठत असतात.

वायफायच्या यादीत एड्युरोम दिसलं तर ती वेगळी चांगली सोय आहे. युरोपात सुरू झालेली, भारतात अर्नेट ही शिक्षणसंस्थांना नेट पुरवणारी सरकारी संस्था चालवते. तुमचं विद्यापीठ त्यात असेल तर दुसऱ्या सदस्य संस्थेतही तुमचाच आयडी चालतो, मात्र ॲटच्या पुढचा भाग लिहावाच लागतो. गेटएड्युरोम नावाचं ॲप बरीचशी मांडणी स्वतःच करून देतं.

पासवर्ड बदलला तर तो प्रत्येक यंत्रावर बदला. बी.एस्सी.च्या एका पोरीचा आयडी रोज अकराच्या सुमारास लॉक व्हायचा. सकाळी उघडून घ्यायची, अकराला पुन्हा बंद. तीन दिवस संगणक विभाग हैराण. शेवटी मी विचारलं, 'बाई, जुना फोन कुठी हाय?' तर धाकट्या भावाला दिलेला. अन् भाऊ आमच्याच आवारात अकरावीला, त्याचे वर्ग अकराला सुरू. दप्तरातला फोन बसल्या जागी जुना पासवर्ड पाठवत राहायचा, अन् चुकीच्या पासवर्डांपायी आयडी लॉक. त्याला बोलावलं, नेटवर्कवर बोट दाबून 'फॉर्गेट' केलं. पोट्टा म्हणे, 'मंग मले कोणतं वायफाय?' त्याला पाहुण्यांचं दाखवलं.