हमिंगबर्ड काढताना त्याचा शिंजीर का होतो?

हमिंगबर्ड भारतात कुठंच नाही. त्याच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत आणि तिथल्या बेटांवर. कोल्हापुरात हमेलियाच्या झुडपावर जो चिमुकला चकचकीत पक्षी येतो, तो शिंजीर; काहीजण त्याला सूर्यपक्षी म्हणतात. मुलांनी डोळ्यांनी बघितलेला असतो शिंजीर आणि काढायचा असतो मोबाइलवर दिसलेला हमिंगबर्ड. मग कागदावर बाकदार चोचीचा, चिमणीच्या पंखांचा भलताच पक्षी उतरतो. रंग कितीही चांगले दिले तरी तो सुधारत नाही, कारण चूक रंगाच्या आधीच झालेली असते: अंगाच्या तिरकेपणात, पंखाच्या जागेत आणि चोचीत.

इथं दिलेली मापं लालकंठी हमिंगबर्डच्या नराची आहेत. खरा पक्षी चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत साधारण साडेआठ सेंटिमीटरचा असतो. आपण तो दुप्पट काढू. अस्सल मापाचा काढला तर लहान मुलांचा हात आखडतो, आणि पानभर काढला तर पंखाची रेषा एका दमात मारता येत नाही.

सामान फार लागत नाही. ए-फोर आकाराचा जाडसर ड्रॉइंग पेपर, एचबी आणि टू-बी पेन्सिल, मऊ खोडरबर, पट्टी आणि रंग. झेरॉक्सचा कागद घेऊ नका. दोनतीनदा खोडलं की त्याची लव निघते आणि तिथं रंग डाग धरतो. कडक, म्हणजे टू-एच पेन्सिलही नको. तिची रेघ खोडली तरी कागदावर चर राहतो आणि वरून रंगीत पेन्सिल फिरवली की तो चर पांढरा उठून दिसतो. पट्टी फक्त मापं घ्यायला. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या भूमितीची तयारी केलेल्या मुलांचा हात चोच काढतानाही पट्टीकडे जातो, तो तिथंच अडवा.

आधी तिरकी रेघ

कागद आडवा धरा. डाव्या कडेपासून 17 सेंटिमीटर आणि वरच्या कडेपासून 8 सेंटिमीटरवर एक ठिपका द्या. हा डोक्याचा मध्य. या ठिपक्यापासून खाली डावीकडं, साधारण 50 अंशांत, अगदी फिकट रेघ ओढा. ही पाठीची दिशा. फुलापुढं हवेत थांबलेला हमिंगबर्ड असा अर्धवट उभा असतो. विमानासारखा आडवा काढला की तो कुठंतरी निघालाय असं वाटतं, फुलावर थांबलाय असं वाटत नाही.

ठिपक्याभोवती 3 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. कंपास नको, हातानंच. थोडं वेडंवाकडं चालतं. त्याला किंचित चिकटून, तिरक्या रेघेवर, साडेसहा सेंटिमीटर लांब आणि साडेतीन सेंटिमीटर रुंद अंडाकृती काढा. रुंद बाजू डोक्याकडं, निमुळती शेपटीकडं. पंख हलवणारे छातीचे स्नायू या पक्ष्यात फार मोठे असतात, म्हणून छाती भरलेलीच दिसली पाहिजे. मान मात्र जवळजवळ दिसत नाही. वर्तुळ आणि अंडाकृती यांच्यामध्ये लांब मान काढली की बगळा झालाच.

इथवर आलात की कागद हातभर लांब धरून बघा. अंग तिरकं आणि डोकं फुलाकडं वळलेलं दिसतंय का? नसेल तर आत्ताच खोडा. पुढं पंख आणि डोळा काढून झाल्यावर कोणीच खोडायला तयार होत नाही.

चोच आणि डोळा

चोच 3.3 सेंटिमीटर, सरळ, जरा वर उचललेली. मुळाशी तीन मिलिमीटर जाड, टोकाला जेमतेम एक. लहान मुलं चोच त्रिकोणासारखी काढतात. तो त्रिकोण पुसून दोन जवळजवळ समांतर रेघा मारायला लावा. बाक अजिबात नको. चोच खाली वळली की तो शिंजीर. वाकड्या चोचीचे हमिंगबर्डही आहेत, आणि तलवारचोच्या हमिंगबर्डची चोच तर शेपटी सोडून उरलेल्या अंगाहून लांब असते. पण सुरुवात सरळ चोचीनंच करावी.

डोळ्याची जागा ठरवायची सोपी युक्ती आहे. चोचीची मधली रेघ फिकट हातानं डोक्यात मागं वाढवा. डोळा त्या रेघेच्या लगेच वर आणि वर्तुळाच्या पुढच्या अर्ध्यात बसतो. व्यास चार ते पाच मिलिमीटर. टू-बीनं गडद काळा भरा, पण वरच्या बाजूला एक मिलिमीटरचा पांढरा ठिपका कागदाचाच सोडा. तो ठिपका नंतर खोडून काढता येत नाही, कारण दाबून भरलेलं शिसं पूर्ण निघत नाही. डोळ्याच्या मागं अगदी बारीक पांढरी खूण ठेवली तर चेहरा लगेच जिवंत होतो. माणसासारखा पांढरा डोळा आणि मधे काळं बुबुळ मात्र काढू नका, पापण्या तर नाहीतच.

पंख

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

चिमणीचा किंवा कबुतराचा पंख उघडला की त्यात कोपर आणि मनगट अशी दोन वळणं स्पष्ट दिसतात. हमिंगबर्डच्या पंखात खांदा ते मनगट हा भाग एकदम आखूड असतो आणि अंगालगत दडलेला. बाहेर दिसतो तो जवळजवळ सगळा हाताच्या पंजाचा भाग आणि त्यावरची दहा लांब पिसं. म्हणून पंख मधे दुमडलेला दिसत नाही. तो विळ्याच्या पात्यासारखा एकाच वळणात टोकापर्यंत जातो. मुलांच्या चित्रातला पंख 'एम' अक्षरासारखा मोडलेला दिसला तर कारण हेच: हात चिमणीचा पंख पाठ करून बसलेला असतो.

पंख कुठून निघतो तेही नेमकं बघा. अंडाकृतीचे लांबीत तीन सारखे भाग करा. वरच्या भागात, पाठीच्या कडेलगत खांदा. बऱ्याच चित्रांत पंख पाठीच्या मधोमध चिकटवलेला असतो आणि मग पक्षी चावी दिलेल्या खेळण्यासारखा वाटतो.

खांद्यापासून वर डावीकडं 8 सेंटिमीटरवर टोकाचा ठिपका द्या. पुढची कड एका दमात ओढा, हात कोपरातून हलवून. बोटं वळवून काढलेली रेघ थरथरते. आधी हवेतच चारपाच वेळा तीच रेघ मारायला लावा, मग कागदावर. मागची कड टोकापासून खांद्याकडं आणताना जरा आत वळवा. पंखाची सगळ्यात जास्त रुंदी अडीच सेंटिमीटर पुरे. खांद्याजवळचा दीड सेंटिमीटर बारीक पिसांसाठी सोडा आणि त्याच्या पुढं लांब पिसांच्या रेघा काढा. बाहेरचं पीस सर्वांत लांब, आत येतील तशी आखूड. खरी पिसं दहा, पण लहान मुलांनी सहासात रेघा दिल्या तरी चालतं. रेघा मनगटापाशी एकत्र येतात आणि टोकाकडं पसरतात. समांतर काढल्या की पंखाचा कंगवा होतो.

दुसरा पंख पलीकडचा. तो डोक्याच्या मागून वर निघतो आणि आपल्याकडं तिरका असल्यानं आखूड दिसतो. सहा सेंटिमीटर पुरे. दोन्ही पंख एकाच लांबीचे काढायचा मोह आवरा.

लालकंठी हमिंगबर्डचे पंख सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा फडकतात, म्हणून डोळ्याला ते धूसरच दिसतात. ही गती दाखवायची असेल तर पंखाची मागची कड बंद करू नका. टू-बी पेन्सिल आडवी धरून फिकट करडी छटा द्या, कापसानं पिसांच्या दिशेनं एकदाच पुसा आणि खोडरबरच्या धारेनं दोनतीन उजेडाच्या रेघा काढा. बोटानं पुसू नका; बोटाचं तेल कागदावर बसलं की जलरंग तिथं धरत नाही.

आणखी एक बारकावा मोठ्या मुलांसाठी. हा पक्षी पंख वरखाली न मारता पुढं-मागं मारतो, आणि मागं नेताना पंख खांद्यातून उलटा करतो. त्यामुळं पुढं आणि मागं, दोन्ही फटक्यांत त्याला उचल मिळते. म्हणून संथ केलेल्या व्हिडिओत कधी पंखाची खालची बाजू वर आलेली दिसते. ती चूक समजून दुरुस्त करू नका.

शेपटी चार सेंटिमीटर, नराची मधे खाच असलेली आणि गडद. मादीची गोलसर, बाहेरच्या पिसांची टोकं पांढरी. पाय उडताना पोटाच्या पिसांत दबलेले असतात. दोनतीन मिलिमीटरची खूण केली तरी बास, नाही केली तरी चालेल. कोंबडीसारखे लोंबते पाय दिसले की खोडा.

फूल

पक्षी दुप्पट केलाय, तर फूलही दुप्पटच हवं. हे हमखास विसरलं जातं. हमेलिया मूळचा अमेरिकेतला, तिथं त्यावर हमिंगबर्ड येतात आणि इथं शिंजीर. तेव्हा बागेतली डहाळी समोर ठेवूनच काढा. त्याची केशरी नळी खरी दोन सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणून कागदावर चार सेंटिमीटर लांब आणि सातेक मिलिमीटर रुंद. चोचीचं टोक अर्धा सेंटिमीटर नळीच्या आत गेलेलं दाखवा, म्हणजे तेवढी चोच खोडून त्यावर पाकळीची कड काढा. चोच फुलाला नुसती टेकलेली राहिली की चित्र फसतं.

जास्वंद काढायचीच असेल तर चोच मधल्या पिवळ्या परागदांड्याच्या टोकाला लावू नका. मध तिथं नसतो, पाकळ्यांच्या बुडाशी असतो.

गळ्याचा लाल रंग

नुसता लाल रंग भरला की गळ्याला रुमाल बांधल्यासारखं दिसतं. खऱ्या पक्ष्यात ती चमक रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवर उजेड पडल्यानं येते. कोन बदलला की तोच गळा काळा दिसतो. म्हणून कागदावरही काळा आणि झगझगीत लाल अगदी शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्यांच्यातली कड स्पष्ट ठेवायची. दोन्ही एकमेकांत मिसळले की चमक गेली.

रंगीत पेन्सिलीनं असं करा. गळ्यावर तीन मिलिमीटरचे छोटे खवले ओळींत काढा, वरची ओळ खालच्या दोन खवल्यांच्या मधे येईल अशा बेतानं. सगळ्यांवर पिवळ्याचा हलका थर. उजेडाच्या बाजूला केशरी, मधे लाल, आणि प्रत्येक खवल्याची खालची कड काळी. चारपाच खवल्यांवर उजेडाची जागा कोरी सोडा. तीनाहून जास्त थर देऊ नका. पेन्सिलीतलं मेण साचून कागद गुळगुळीत होतो आणि पुढचा रंग घसरतो. पाठीला पोपटी, त्यावर गडद हिरवा, असे आखूड फटकारे, नेहमी डोक्याकडून शेपटीकडं. पोट मळकट पांढरं, कडेला फिकट करडं.

जलरंग असतील तर हिरवी पाठ पूर्ण वाळल्याशिवाय लाल गळ्याला हात लावू नका. ओला हिरवा आणि ओला लाल भेटले की तपकिरी चिखल होतो. पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेत एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, वाळायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात फुलाचं काम करून घ्या. पोस्टर कलर वापरणाऱ्यांनी पांढरे ठिपके सगळ्यात शेवटी, दोन नंबरच्या ब्रशनं द्यावेत.

पाचसहा वर्षांच्या मुलांना यातलं फार काही सांगू नका. एक वर्तुळ, एक अंडाकृती, एक तिरकी काडी आणि दोन पंख, मेणखडूनं, मोठ्या कागदावर. माप घेऊन काढायला लावलं तर ती पुढच्या वेळी कागदच हातात घेणार नाहीत.

शिंजीर बघायचा कशासाठी?

फोटोत पक्षी गोठलेला असतो, शिंजीर हलता मिळतो. सकाळी टाउन हॉलच्या बागेत, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात किंवा दारातल्या हमेलियापाशी वही घेऊन बसा. एका बघण्यात एकच रेघ काढायची: अंगाचा तिरकेपणा. पक्षी उडाला की रेघ थांबवायची, पुढचा आला की नवी रेघ. पानभर अशा रेघा झाल्या की हात सैल होतो. लोंबतं घरटं दिसलं तर लांबूनच बघा.

शिंजीर बहुधा फांदीला धरून बसून मध पितो, हवेत थांबतो ते थोडाच वेळ. म्हणून रंकाळ्याच्या काठाचं स्मरणचित्र असेल तर तिथं हमिंगबर्ड घालू नका, शिंजीरच बसवा: चोच खाली वळवा, पाय आणि फांदी दाखवा, पंख मिटवा. जांभळ्या शिंजीराचा नर विणीच्या काळात काळसर जांभळा-निळा चमकतो, मादी वरून मळकट तपकिरी आणि पोटाला पिवळसर.

चित्र झालं की हाताखाली कोरा कागद ठेवूनच सही करा, नाहीतर तळहाताच्या घामानं पंखाची करडी छटा पोटावर पसरते. तेलखडू वापरले असतील तर वर बटर पेपर ठेवा. ते कधीच पूर्ण वाळत नाहीत आणि फाइलमध्ये शेजारच्या चित्राला लाल गळा चिकटतो. जूननंतर फाइल भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरून कागद फुगतो.