संवाद उजव्या स्पीकरमधून येतायत? चॅनलचा क्रम बघा

इंदूरच्या गणेशोत्सवातल्या नाटकाचं ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, असे सहा चॅनल) रेकॉर्डिंग डॉल्बी डिजिटल या फॉरमॅटमध्ये बदललं आणि संवाद उजवीकडून, सबवूफरची घरघर मागच्या उजव्या स्पीकरमधून येऊ लागली, तर वायरी उपसत बसू नका. स्टुडिओने सिनेमाचा क्रम दिलाय: डावा, मधला, उजवा, मागचे दोन, सबवूफर. वेव्ह (WAV) या ध्वनिफाइलचा क्रम वेगळा: डावा, उजवा, मधला, सबवूफर, मग मागचे दोन. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक या क्रमाने लावा, एक्स्पोर्टमध्ये ‘कस्टम मॅपिंग’ निवडा. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) डीव्हीडीसाठी ४४८, एरवी ६४० केबीपीएस.

मूळ वेव्ह जपताना एक अडचण: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला सहा चॅनल मिनिटाला ५२ एमबी खातात. वेव्ह फाइल आपली ४ जीबीची मर्यादा ८३व्या मिनिटाला गाठते, तिसरा अंक बाहेरच! अंकागणिक फाइल करा.