भाताच्या लावणीनंतर अझोला: आधी पाणी बघा, मग सोडा

बेळगाव-खानापूर भागात रोप लावण आटोपत आली की अझोल्याची चौकशी सुरू होते. पाण्यावर तरंगणारी ही नेच्याची जात. शास्त्रीय नाव अझोला पिनाटा, इंग्रजीत मॉस्किटो फर्न. आपल्याकडे बरेच जण शेवाळ किंवा पाची समजून काढून टाकतात. तसं करू नका. हिच्या पानांतल्या पोकळीत अनाबिना हे नील-हरित जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र (नायट्रोजन) बांधतात. युरियाचा काही भाग त्यातून वाचतो, सगळा नव्हे.

खरी अडचण पावसाची. कणकुंबी-जांबोटीकडे आषाढात बांधावरून पाणी वाहतं. आज सोडलेला अझोला उद्या खालच्याच्या शेतात. तिथे जोर ओसरेपर्यंत थांबा. जिथे दोन-चार इंच पाणी बांधात ठरतं, तिथे लावणीनंतर आठवड्याभराने सोडा. तणनाशक मारलं असेल तर लगेच नको.

शिफारस चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅमची आहे, म्हणजे गुंठ्याला 20 किलो. एकरभराचं बियाणं एकदम कुणाकडे असतं? म्हणून आधी एका गुंठ्यात वाढवून मग पसरावा, हाच मार्ग मला पटतो. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की अझोला लालसर होतो, वाढ थांबते. थोडं सुपर फॉस्फेट द्या. शेत हिरवं झाकलं की पाणी काढून कोळप्याने तो चिखलात गाडा. गाडून कुजल्यावरच नत्र भाताला मिळतो. झाकलेल्या पाण्यात तणही कमी उगवतं.

बियाणं बेळगावच्या बळ्ळारी नाल्यातून किंवा कुठल्याही ओढ्यातून उचलून आणू नका. तिथे गटाराचं पाणी मिसळतं, आणि जलपर्णीचे तुकडे सोबत आले तर शेत निस्तरताना हाल होतात. अझोल्याचं रोप जेमतेम बोटाच्या पेराएवढं, खवल्यांसारख्या बारीक पानांचं. जलपर्णीचे देठ फुगीर, फुलं जांभळी. बियाण्यासाठी मत्तिकोप किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

उरलेला अझोला जनावरांना चालतो. वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्यात धुवा, आंबोणात मिसळा आणि सुरुवातीला मूठभरच द्या. सवय झाली की वाढवा. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या शेतातला मात्र गोठ्यात नेऊ नका.